मुलकी दाखला आणि नियोक्त्याचा अर्ज : परदेशी कर्मचाऱ्याच्या कागदपत्रांची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘आंतरराष्ट्रीय मानव संसाधन व्यवस्थापन’ हा विषय स्थिरावल्याला आता बराच काळ लोटला आहे. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांची मांडणी साधारणतः ठरलेली असते. परदेशी पाठवावयाच्या अधिकाऱ्याची निवड, त्याचे प्रशिक्षण, परक्या संस्कृतीशी त्याचे व त्याच्या कुटुंबाचे होणारे समायोजन, वेतनरचना आणि शेवटी मायदेशी परतल्यानंतरचे पुनर्नियोजन अशी प्रकरणे क्रमाने येतात. व्हिसा, कामाचा परवाना, वास्तव्याची मुदत यांचा उल्लेख होतो तो बहुधा एखाद्या परिच्छेदात आणि तोही ‘कायदेशीर औपचारिकता’ या शीर्षकाखाली. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या ‘औपचारिकता’ शब्दाला आहे. परदेशी कर्मचाऱ्याने कोणाकडे काम करावे, किती काळ राहावे, त्याच्या पत्नीने नोकरी करावी की नाही, नोकरी सुटल्यास किती दिवसांत देश सोडावा हे सर्व ज्या कागदावरून ठरते, त्याला औपचारिकता म्हणणे म्हणजे सातबाऱ्याला शेतकऱ्याची औपचारिकता म्हणण्यासारखे आहे.

‘मानव संसाधन’ या संज्ञेचाही येथे विचार करणे अगत्याचे ठरते. पूर्वी कारखान्यात ‘कर्मचारी विभाग’ असे. १९८५ मध्ये केंद्रातील शिक्षण मंत्रालयाचेच नामकरण मनुष्यबळ विकास मंत्रालय असे झाले आणि ही परिभाषा महाविद्यालयांच्या अंगवळणी पडली. २०२० मध्ये मंत्रालयाला जुने नाव परत मिळाले. विषयांची नावे मात्र तशीच राहिली. संसाधन म्हटले की ते कोणाचे, हा प्रश्न ओघाने येतो. परदेशी कर्मचाऱ्याच्या बाबतीत त्याचे उत्तर भाषणात नव्हे, तर अर्जाच्या नमुन्यात सापडते.

साखरखेर्ड्याची लढाई आणि परके नोकर

हा प्रश्न संगणक उद्योगाबरोबर उद्भवला, असा समज सार्वत्रिक आहे. दख्खनच्या इतिहासाकडे पाहिल्यास तो टिकत नाही. बहमनी राज्यात बाहेरून आलेले ‘आफाकी’ आणि स्थानिक ‘दखनी’ यांचा संघर्ष दरबारी नोकऱ्यांवरून पेटला होता. इराणातील गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला महमूद गावान या राज्याचा मुख्य वजीर झाला आणि १४८१ मध्ये याच वैरातून मारला गेला. त्याच्याविरुद्धचा पुरावा होता एक बनावट पत्र. परक्या नोकराचे भवितव्य कागदावर ठरते, याचे दख्खनमधील हे एक जुने उदाहरण होय.

बुलडाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा या गावाचा संबंध याच परंपरेशी येतो. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजामाने गावाला फतेहखेर्डा असे नाव दिले आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. बाजीराव पेशव्यांचे साहाय्य या वेळी निजामास होते. इतिहासाची पुस्तके या लढाईचे राजकीय परिणाम सविस्तर सांगतात. येथे लक्षात घ्यावयाची बाब निराळी आहे. विजयी निजामाचे घराणेच मुळी मध्य आशियातून मोगलांच्या चाकरीस आलेले होते. त्याचा आजा आबिदखान १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात मोगलांसाठी लढताना मरण पावला. परक्या नोकरांच्या एका कुळाने साखरखेर्ड्याच्या मैदानात राज्य मिळविले आणि त्याच राज्याने पुढे ‘परका नोकर कोण’ याची व्याख्या करणारे नियम केले. ते नियम ‘मुलकी नियम’ या नावाने ओळखले जातात. साखरखेर्डा स्वतः मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यामुळे हैदराबादच्या दिवाणी सेवेचे नियम तेथे चालण्याचे कारण उरले नव्हते.

मुलकी नियमांची घडण

१८५३ ते १८८३ या काळात दिवाणपदी असलेल्या पहिल्या सालारजंगांनी संस्थानचा कारभार नव्या पद्धतीवर आणला. त्यासाठी लागणारे इंग्रजी शिकलेले अधिकारी त्यांनी प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानातून आणविले. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिन-उल्-मुल्क, विकार-उल्-मुल्क ही त्यांतील प्रसिद्ध नावे. परक्या तज्ज्ञाशिवाय सुधारणा नाही आणि परक्या तज्ज्ञामुळे स्थानिकांना बढती नाही, हा पेच तेव्हापासूनचा आहे. आलेल्यांचे आसनही पक्के नव्हते. बंगालमधून आलेले शिक्षणतज्ज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी चांदा रेल्वे योजनेला विरोध केला, तेव्हा १८८३ मध्ये त्यांना हैदराबादेतून हद्दपार करण्यात आले. ते पुढे परत आले ही गोष्ट वेगळी. परंतु ज्याची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर त्याचे वास्तव्यही त्याच मर्जीवर, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

स्थानिकांना प्राधान्य देणारे आदेश एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. १९१९ च्या फर्मानाने त्यांना नियमांचे रूप आले. या नियमांनुसार पुढील व्यक्ती मुलकी ठरत : जो जन्माने हैदराबाद संस्थानचा प्रजाजन आहे, जो वास्तव्यामुळे तसा ठरण्यास पात्र झाला आहे, ज्याच्या जन्मसमयी त्याच्या वडिलांची सरकारी नोकरी पंधरा वर्षांची झालेली होती, आणि जी मुलकी पुरुषाची पत्नी आहे. वास्तव्याने मुलकी होण्यास किमान पंधरा वर्षे कायम राहणे आवश्यक होते. त्याखेरीज पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर करावे लागे. जो मुलकी नाही त्याला निजामाच्या खास मंजुरीवाचून संस्थानच्या वरिष्ठ वा कनिष्ठ कोणत्याही सेवेत घेता येत नसे.

या नियमांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. ‘खास मंजुरी’ची वाट उघडी असल्याने वजनदारांना अडचण पडत नसे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाल्यावर तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना हीच गोष्ट खुपू लागली आणि ‘हैदराबाद हैदराबादकरांसाठी’ अशी मागणी १९३० नंतरच्या दशकात संघटितपणे पुढे आली. संस्थानच्या विलीनीकरणानंतर शेजारच्या प्रांतांतून आलेल्यांनी बनावट मुलकी दाखले मिळविल्याच्या तक्रारी वाढल्या. त्यातून १९५२ चे आंदोलन उभे राहिले आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आरंभी हैदराबादेत सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार होऊन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हे नियम वैध ठरविले आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले. एका दाखल्यासाठी माणसे मरतात, तेव्हा त्या दाखल्यात काय होते याचा शोध घेणे अभ्यासकाचे काम ठरते.

मुलकी दाखल्यात तीन गोष्टी होत्या, आणि त्यांच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिली म्हणजे दाखला व्यक्तीच्या नावाचा असे. तो मागणारा ती व्यक्ती, तो देणारे सरकार. ज्या खात्यात किंवा ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ती काम करी, त्याच्या इच्छेवर तो अवलंबून नव्हता. दुसरी, कालमर्यादा दीर्घ असली तरी ठरलेली होती. सोळाव्या वर्षी काय होणार हे पहिल्या वर्षी ठाऊक असे. तिसरी, पत्नीला पतीसारखाच दर्जा मिळे. नियम जाचक होते, परंतु ते माणसाशी थेट बोलत होते.

अर्जदार कोण?

आज मराठी कुटुंबांना ज्या परदेशी नोकरीच्या कागदांचा सर्वाधिक परिचय आहे, तो अमेरिकेचा एच-१ बी व्हिसा होय. १९९० च्या इमिग्रेशन अॅक्टने त्याला आजचे स्वरूप दिले. पुण्यामुंबईच्या घराघरांत हा शब्द इतका रुळला आहे की ‘मुलाला एच-१ मिळाला’ असे सहज म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत हे वाक्य चुकीचे आहे. अर्ज मुलगा करीतच नाही. अर्ज करते कंपनी. ती ‘याचिकाकर्ता’ असते आणि कर्मचारी हा ‘लाभार्थी’. ज्याचे सर्व आयुष्य त्या कागदाने बांधले जाते, तो त्या कागदावर त्रयस्थ असतो. मंजुरीची सूचना याचिकाकर्त्याला आणि त्याच्या वकिलाला जाते. कंपनीने याचिका मागे घेतली तर लाभार्थ्याची संमती विचारण्याचे कारण पडत नाही.

येथे मानव संसाधन अधिकाऱ्याचा प्रवेश होतो. प्रथम त्याला अमेरिकी श्रम खात्याकडे वेतनासंबंधी एक निवेदन दाखल करावे लागते. त्या कामासाठी त्या भागात चालू असलेले वेतन आणि कंपनीत तशाच कामाला प्रत्यक्ष दिले जाणारे वेतन यांपैकी जे अधिक असेल ते देण्याची हमी त्यात असते. या निवेदनाची सूचना कामाच्या ठिकाणी लावावी लागते आणि कोणालाही पाहता येईल अशी एक धारिका तयार ठेवावी लागते. त्यानंतर याचिका जाते. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असल्याने बहुधा सोडत काढावी लागते. मुदत एकूण सहा वर्षांची. मुदतीपूर्वी कंपनीनेच कामावरून कमी केले तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च कंपनीने द्यावयाचा, अशीही तरतूद आहे. ती किती कर्मचाऱ्यांना माहीत असते हा वेगळा प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरील कर्मचाऱ्यांसाठीच्या नव्या याचिकांवर एक लाख डॉलरची रक्कम लादण्यात आली, तेव्हा ती भरण्याची जबाबदारीही कंपनीवरच आली. रक्कम जो भरतो तोच माणूस निवडतो. ही वाढ परदेशी कर्मचाऱ्याला अधिक मौल्यवान करते असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याला नियोक्त्याशी अधिक घट्ट बांधते.

मुलकी नियमांतील परतीच्या प्रतिज्ञापत्राची येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. हैदराबाद विचारत होते : परत जाण्याचा विचार सोडला काय? अमेरिकेत विद्यार्थी किंवा पाहुणा म्हणून जाणाऱ्याला नेमके उलट सिद्ध करावे लागते : परत येणार हे दाखवा. एच-१ बी ला या अटीतून १९९० मध्ये सूट मिळाली. तात्पुरत्या कामावर आलेला माणूस कायम राहण्याचीही इच्छा ठेवू शकतो, असे कायद्याने मान्य केले. वरकरणी ही उदारता आहे. परंतु इच्छा मान्य करून वाट अरुंद ठेवली गेली. रोजगारावर आधारित कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्के. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे दशकांत मोजावी लागते. सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळते ती २००० च्या एका कायद्यामुळे. पण त्यासाठीही कायम वास्तव्याचा अर्ज कंपनीनेच केलेला असावा लागतो. पंधरा वर्षे राहून प्रतिज्ञापत्र केले की मुलकी होता येई. येथे पंधरा वर्षे राहूनही माणूस ‘तात्पुरता’च असू शकतो.

पत्नीच्या बाबतीत तफावत अधिक ठळक आहे. एच-१ बी धारकाच्या जोडीदाराला एच-४ हा आश्रित दर्जा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून काही जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. मात्र तेथेही पतीच्या कंपनीने केलेला कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेला असणे ही मुख्य अट. म्हणजे पुण्यात अभियंता असलेल्या स्त्रीने अमेरिकेत काम करावे की नाही, हे तिच्या पतीच्या कंपनीतील मानव संसाधन विभागाने अर्ज कधी केला यावर अवलंबून. मराठीत अमेरिकावासी स्त्रीच्या एकटेपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बर्फ, एकांत, मुलांची बदलती भाषा, आईवडिलांचे दूर असणे हे त्यातील परिचित विषय. या एकटेपणाचे एक कारण एका कचेरीच्या कपाटात आहे, याचा पत्ता त्या लेखनाला क्वचितच लागलेला दिसतो. ही उणीव लेखिकांची मानण्याचे कारण नाही. कारण ती धारिका त्यांच्याही पाहण्यात आलेली नसते.

पत्राचा मसुदा

कागद हा केवळ निर्णयाची नोंद नसून निर्णयाचे साधन असतो, हे २०१३ मधील एका प्रकरणाने दाखवून दिले. बैठकांसाठी जाणाऱ्यांना मिळणाऱ्या बी-१ व्हिसावर कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष कामासाठी पाठविल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकार आणि इन्फोसिस यांच्यात ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. कंपनीने व्हिसाच्या गैरवापराचा आरोप नाकारला. नोकरीस पात्र असल्याची पडताळणी करणाऱ्या नमुन्यांतील त्रुटी मात्र मान्य केल्या. प्रकरणाच्या मुळाशी होती ती निमंत्रणपत्रे. प्रवासाचे प्रयोजन ‘बैठक’ की ‘काम’, या एका शब्दावर सर्व काही अवलंबून होते. असे पत्र वरिष्ठांच्या नावाने जाते, कर्मचारी ते खिशात घालून विमानतळावरील अधिकाऱ्यासमोर उभा राहतो, आणि त्याचा मसुदा तिसराच कोणी तरी केलेला असतो. चुकीचे उत्तर दिल्याची शिक्षा मात्र उभा राहणाऱ्याला, प्रसंगी पुढील प्रवेशबंदीच्या रूपाने.

भारतातही हा प्रश्न उलट्या बाजूने आलेला आहे. २००९ मध्ये प्रकल्पांवर काम करणारे अनेक चिनी कर्मचारी व्यवसाय व्हिसावर असल्याचे आढळले, तेव्हा केंद्र सरकारने व्यवसाय व्हिसा आणि रोजगार व्हिसा यांतील भेद कडक केला. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना त्याच वर्षी सुरू झाला. रांजणगावला कोरियन एलजी आधीपासून होती. तेथील कर्मचारी विभागांना परदेशी अभियंत्यांचे कागद करावे लागतात. आपला नियम असा की ज्या कामासाठी पात्र भारतीय उपलब्ध आहेत, किंवा जे काम नित्याचे अथवा कारकुनी आहे, त्यासाठी रोजगार व्हिसा द्यावयाचा नाही. त्याला किमान वेतनाचीही अट आहे. तिच्यातून आपल्या देशाचे पदार्थ करणारे आचारी आणि परभाषेचे शिक्षक यांना सूट आहे. मुलकी नियमांमागचा विचार येथे जवळजवळ तसाच आढळतो, आणि ‘खास मंजुरी’च्या जागी कंपनीचे समर्थनपत्र आले आहे. १९४६ चा परकीय नागरिक कायदा व त्याच्या सोबतचे जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी हे समर्थनपत्र लिहिणारा टेबलामागचा माणूस बदललेला नाही.

आखाती देशांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. कोकणातील कित्येक घरांना ‘कफील’ हा शब्द स्पष्ट करून सांगावा लागत नाही. कामगाराचे वास्तव्य पुरस्कर्त्या मालकाच्या हाती देणारी ती पद्धत कतारसारख्या देशांनी अलीकडे सैल केली आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने दहावी न झालेल्या कामगारासाठी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हा अधिकारी नेमला. शिकलेल्याला रक्षकाची गरज नाही, असे त्यात गृहीत आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरा नियोक्ता शोधा, व्हिसाचा दुसरा मार्ग पाहा किंवा देश सोडा, हे गणित २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये झालेल्या नोकरकपातीत उच्चशिक्षितांच्याच वाट्याला आले, ही गोष्ट त्या गृहीतकाला छेद देणारी आहे.

दुहेरी विश्वस्त

या सर्वांत मानव संसाधन अधिकाऱ्याचे स्थान काय? पाठ्यपुस्तके त्याला व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यातील दुवा म्हणतात. परदेशी कर्मचाऱ्याच्या बाबतीत ही उपमा अपुरी पडते. दुव्याला दोन्ही टोकांचा भार सारखा असतो. येथे पगार एका टोकाकडून मिळतो आणि विश्वास दुसरे टोक ठेवते. कर्मचारी आपली जन्मतारीख, विवाहाचा दाखला, मुलांचे पासपोर्ट, कधी कधी जुना फौजदारी गुन्हाही या अधिकाऱ्याला सांगतो, कारण अर्जासाठी ते आवश्यक असते. तीच माहिती कंपनीची असते. अमेरिकी व्यवहारात वकीलही बहुधा कंपनी आणि कर्मचारी या दोघांचाच एकत्रित असतो. दोघांचे हित जुळते तोवर सर्व सुरळीत चालते. कर्मचारी दुसरीकडे जाण्याचा विचार करू लागला, की ‘माझ्या कायम वास्तव्याचा अर्ज कुठवर आला आहे?’ हा साधा प्रश्न विचारण्यासाठीही त्याच्याजवळ स्वतःचा असा कोणी उरत नाही. या स्थितीला दुष्ट अधिकारी लागत नाही. अत्यंत सज्जन अधिकारीही याच खुर्चीत बसतो आणि ‘धोरणानुसार कळविण्यात येईल’ असेच लिहितो.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुणांना जर्मन भाषा शिकवून पाठविण्याची ही योजना. भाषेवर जो भर आहे तो योग्यच. परंतु तेथील वास्तव्याचा परवाना कोणत्या मालकाशी व किती काळ निगडित राहतो, तो बदलावयाचा झाल्यास कोणाला विचारावे लागते, मंजुरीचा कागद कोणाच्या हाती पडतो, हे प्रश्न भाषेच्या वर्गात शिकविले जात नाहीत. व्यवस्थापनाच्या वर्गातही नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून पदविका घेऊन निघालेल्या मुलीला पहिल्या करारावर सही करण्यापूर्वी हे कोण सांगणार, याचे उत्तर तूर्त नियुक्ती करणाऱ्या संस्थेचा कर्मचारी विभाग असेच आहे.

अमेरिकी व्यवस्थेत एक लहानशी गोष्ट मात्र मुलकी दाखल्याच्या जवळ जाणारी आढळते. कायम वास्तव्याच्या रांगेत कर्मचाऱ्याचा क्रम ज्या तारखेने ठरतो, ती तारीख कंपनीची याचिका एकदा मंजूर झाली की सामान्यतः त्याचीच राहते. तो दुसऱ्या कंपनीत गेला तरी नवी कंपनी नवा अर्ज करते आणि रांगेतील त्याची जुनी जागा टिकते. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर पहिल्या कंपनीने याचिका मागे घेतली तरी मुदतवाढीचा त्याचा मार्ग बंद होत नाही, हे जानेवारी २०१७ पासून अमलात आलेल्या नियमाने आणखी पक्के केले. याचिका कंपनीची, पण तारीख माणसाची, असा हा विरळा अपवाद होय. ती तारीख ज्या मंजुरीपत्रावर छापलेली असते, त्याची प्रत कर्मचाऱ्याला देण्याचे बंधन मात्र त्या नियमांत कंपनीवर घातलेले नाही. अनेक कंपन्या ती मागितल्यावर देतात, काही देत नाहीत. आणि न मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना असा कागद अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते.